वाळवंटाचे दार : वाल्विस बेचा भूगोल आणि इतिहास

दिनांक १७ सप्टेंबर २०२२ रोजी सकाळी आपल्या ग्वाल्हेरच्या विमानतळावर एक परदेशी विमान उतरले. आफ्रिकेतील नामिबिया देशातून आठ चित्ते घेऊन ते आले होते. येथून हेलिकॉप्टरने ते चित्ते श्योपूर जिल्ह्यातील कूनोच्या अरण्यात नेण्यात आले. त्या आठवड्यात ग्रंथालयात येणाऱ्या बहुतेक सभासदांच्या तोंडी एकच प्रश्न होता : हा नामिबिया आहे तरी कोठे?

उत्तर शोधण्यासाठी संदर्भ विभागातील एक जुना इंग्रजी नकाशासंग्रह खाली काढला. तो पहिल्या महायुद्धापूर्वीचा असल्याने त्यात नामिबिया हे नावच नव्हते. त्या जागी जर्मन नैर्ऋत्य आफ्रिका असा उल्लेख होता आणि तो सारा प्रदेश एकाच रंगाने दाखविलेला होता. मात्र त्याच्या किनाऱ्याच्या साधारण मध्यावर एक इवलासा तांबडा तुकडा होता. ब्रिटिश साम्राज्याचा तो परिचित तांबडा रंग. तुकड्याशेजारी नाव होते वाल्विस बे, म्हणजे देवमाशांचा उपसागर.

जर्मनांच्या विस्तीर्ण मुलखात इंग्रजांचा हा चिमुकला तुकडा कसा राहिला? ग्वाल्हेरकरांना असले नकाशे तसे नवे नाहीत. संस्थानी काळातील माळव्याचा नकाशा ज्यांनी पाहिला आहे, त्यांना शिंदे, होळकर, धार, देवास यांच्या मुलखांची ती गुंतागुंत ठाऊक आहे. ग्वाल्हेर संस्थानचे अमझेऱ्यासारखे जिल्हे मुख्य भूमीपासून तुटून दूर पडलेले होते. तरीही या आफ्रिकी तुकड्याची कथा वेगळी आहे. येथे तुटलेला होता तो एका संपूर्ण देशाचा समुद्राकडचा दरवाजा. तो पुन्हा त्या देशाच्या भिंतीत बसविण्यास १८७८ पासून १९९४ पर्यंत एकशे सोळा वर्षे लागली. त्या दरवाजाची हकीकत सभासदांपुढे ठेवण्याचा प्रस्तुत लेखात प्रयत्न आहे.

निसर्गाने घडविलेली जागा

वाल्विस बे दक्षिण गोलार्धात मकरवृत्ताच्या किंचित उत्तरेस, अटलांटिक महासागराच्या पूर्व किनाऱ्यावर आहे. उज्जैन विषुववृत्ताच्या जितके उत्तरेस, जवळजवळ तितकेच हे ठिकाण दक्षिणेस. अक्षांश असे सारखे असले तरी हवामानात मात्र कसलेही साम्य नाही. उज्जैनला वैशाखात ऊन भाजून काढते आणि आषाढात पाऊस कोसळतो. वाल्विस बेला वर्षाकाठी वीस मिलिमीटरही पाऊस पडत नाही, आणि तरीही सकाळी घराबाहेर पडताना अंगात गरम कपडे लागतात.

या विसंगतीचे कारण समुद्रात आहे. दक्षिणेकडून उत्तरेकडे वाहणारा बेंग्वेला नावाचा थंड प्रवाह या किनाऱ्याला लागून जातो. नैर्ऋत्येचे वारे पृष्ठभागावरील पाणी किनाऱ्यापासून दूर लोटतात आणि त्याची जागा घेण्यासाठी खोल समुद्रातील थंडगार पाणी वर येते. थंड पाण्यावरील हवाही थंड राहते. ती वर उठत नाही, म्हणून तिच्यातून पाऊस पडत नाही. मात्र तिच्यातील ओलावा दाट धुक्याच्या रूपाने किनाऱ्यावर पसरतो. वर्षातले शंभराहून अधिक दिवस येथे धुके असते. नामिब वाळवंटातील कित्येक जीव या धुक्यावरच जगतात. तेथील एका जातीचे काळे भुंगेरे पहाटे वालुकागिरीच्या माथ्यावर चढतात, पाठ उंचावून आणि डोके खाली करून उभे राहतात, आणि पाठीवर जमलेले धुक्याचे थेंब ओघळून तोंडात आले की ते पितात.

जे पाणी भूमीला कोरडे ठेवते तेच समुद्राला समृद्ध करते. तळातून वर येणाऱ्या पाण्याबरोबर क्षार येतात, त्यांवर सूक्ष्म वनस्पती वाढतात, त्यांवर मासे, आणि माशांवर पक्षी, सील व देवमासे. मात्र या समृद्धीलाही एक शाप आहे. मेलेल्या सूक्ष्म जीवांचा थर तळाशी कुजतो आणि त्यातून हायड्रोजन सल्फाइड वायू मधूनमधून उसळून येतो. तेव्हा पाण्याचा रंग पालटतो, सडक्या अंड्यांसारखी दुर्गंधी गावभर पसरते आणि प्राणवायूअभावी मासे मरून किनाऱ्याला लागतात.

उपसागराचा आकार समजण्यासाठी डावा हात थोडा पुढे धरून अंगठा व तर्जनी यांच्यामधील जागा डोळ्यांपुढे आणावी. पश्चिमेस पेलिकन पॉइंट नावाची सुमारे दहा किलोमीटर लांबीची वाळूची जीभ समुद्रात उत्तरेकडे गेलेली आहे. पूर्वेस मुख्य भूमी. मधले पाणी फक्त उत्तरेस उघडे आणि दक्षिणेस उथळ खाजण. किनाऱ्यावरचे वारे व लाटा मुख्यतः दक्षिण-नैर्ऋत्येकडून येत असल्याने ही वाळूची जीभ त्यांना अडविते व आतले पाणी शांत राहते. सुमारे दीड हजार किलोमीटरच्या या निर्जन किनाऱ्यावर मोठ्या जहाजांना निर्धास्तपणे नांगरता येईल अशी ही एकच विस्तृत नैसर्गिक जागा होय. ती जीभही स्थिर नाही. वारा व लाटा वाळू वाहून आणीत असल्याने ती वर्षानुवर्षे उत्तरेकडे वाढत आहे. १९३२ साली टोकाजवळ बांधलेला दीपस्तंभ आज टोकापासून बराच मागे राहिला आहे.

या चित्रातील शेवटची रेघ म्हणजे कुइसेब नदी. विंडहुकजवळच्या खोमास पठारावर ती उगम पावते आणि वाळवंट ओलांडून वाल्विस बेच्या दक्षिणेस समुद्राकडे येते. नदी म्हटली तरी तिचे पात्र वर्षातील बहुतेक दिवस कोरडे असते. पठारावर चांगला पाऊस झाला तर काही दिवस पूर येतो, आणि तो समुद्रापर्यंत पोहोचण्याचे प्रसंग एका पिढीत एकदोनदाच येतात. १९३४ साली असा पूर आला होता, तसेच २०११ सालीही. एवढ्या तुटपुंज्या पाण्याचे कार्य मात्र थोर आहे. नदीच्या दक्षिणेस वालुकागिरींचा अथांग समुद्र आहे. वारा त्यांना उत्तरेकडे ढकलत असतो, पण पुराचे पाणी पात्रात उतरलेली वाळू धुऊन नेते. त्यामुळे नदीच्या उत्तरेस वालुकागिरी फारसे नाहीत, तेथे खडीची सपाट मैदाने आहेत. शिवाय पात्राखालच्या वाळूत गोडे पाणी साठून राहते. उपसागरात वस्ती होऊ शकली ती या पाण्यावरच.

म्हणजे पठारावरचा पाऊस, वाळवंटातली नदी, किनाऱ्यावरची वाळूची जीभ आणि आतले शांत पाणी ही एकाच साखळीची कडी आहेत. पुढचा सारा इतिहास वाचताना एवढी गोष्ट ध्यानात ठेवावी.

आधीचे रहिवासी

इतिहासाच्या पुस्तकांत या उपसागराची कथा बहुधा युरोपी जहाजांपासून सुरू होते. ती त्याआधीच सुरू झालेली होती. कुइसेबच्या काठी व उपसागराच्या किनाऱ्यावर नामा भाषा बोलणारे आओनिन लोक राहत. बाहेरच्यांनी त्यांना टोपनार हे नाव दिले. समुद्रातून मासे व शिंपले, नदीकाठच्या झाडांखाली शेळ्या व गुरे, आणि वाळूत उगवणारे नारा हे फळ, अशी त्यांची उपजीविका होती.

नारा ही काकडी-कलिंगडाच्या कुळातील वनस्पती. तिला पाने नसतात, नुसते हिरवे काटे असतात. मुळे वाळूत खूप खोल जाऊन पाणी शोधतात. उन्हाळ्यात काटेरी फळे पिकली की टोपनार कुटुंबे ती गोळा करतात, त्यांचा गर शिजवून आटवितात आणि बिया वाळवून वर्षभर वापरतात. ज्या भूमीला येणाऱ्या प्रत्येक खलाशाने ओसाड म्हटले, ती या लोकांच्या लेखी भरले घर होती.

जहाजे येतात आणि जातात

पोर्तुगालचा दर्यावर्दी बार्तोलोमेउ दियाश आफ्रिकेला वळसा घालून हिंदुस्थानकडे जाण्याचा मार्ग शोधीत निघाला होता. ८ डिसेंबर १४८७ रोजी तो या उपसागरात शिरला. त्या दिवशी मेरीमातेच्या निष्कलंक गर्भधारणेचा सण होता. म्हणून त्याने या जागेला त्या सणाचे नाव दिले. पुढे तो आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला वळसा घालून परतला. त्याने दाखविलेल्या वाटेने वास्को द गामा १४९८ साली कालिकतला आला आणि १५१० साली पोर्तुगीजांनी गोवा घेतला. गोमंतकाच्या साडेचारशे वर्षांच्या इतिहासाची वाट अशा रीतीने या धुकट उपसागरावरूनही गेलेली आहे.

पोर्तुगीज येथे थांबले नाहीत. येथे गोडे पाणी नव्हते, सोने नव्हते, मसाले नव्हते. जवळजवळ तीन शतके या किनाऱ्याकडे कोणी फारसे लक्ष दिले नाही. अठराव्या शतकाच्या अखेरीस मात्र अमेरिकन व इंग्रज जहाजे देवमाशांच्या शिकारीसाठी येऊ लागली. प्रतिस्पर्ध्यांच्या या वर्दळीने केपमधील डच सरकार जागे झाले. १७९३ साली त्याने मीरमिन नावाचे जहाज पाठवून या उपसागरावर आपला हक्क जाहीर केला. दोनच वर्षांनी, १७९५ साली, केपच इंग्रजांच्या हाती गेले आणि तो हक्क कागदावरच विरून गेला. मागे राहिले ते देवमाशांवरून पडलेले डच नाव.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास दक्षिणेकडच्या इचाबो बेटावर पक्ष्यांच्या विष्ठेचे, म्हणजे ग्वानोचे, प्रचंड थर सापडले. युरोपातील शेतांसाठी ते उत्तम खत होते. १८४४-४५ च्या सुमारास शेकडो जहाजे त्या एका खडकाभोवती जमली आणि दोनएक वर्षांत तो खरवडून मोकळी झाली. वाल्विस बेची भरभराट याच काळात झाली, पण तिचे कारण वेगळे होते. अंतर्भागातील नामा व हेरेरो लोकांची गुरे आणि शिकाऱ्यांनी आणलेले हस्तिदंत येथून बाहेर जाऊ लागले, आणि बंदुका, दारू व कापड आत येऊ लागले. ऱ्हाइन मिशनच्या जर्मन पाद्र्यांनी १८४५ साली कुइसेबकाठी रूइबँक येथे ठाणे मांडले. १८५० साली इंग्रज शास्त्रज्ञ फ्रान्सिस गॉल्टन आणि स्वीडिश प्रवासी चार्ल्स जॉन अँडरसन येथेच उतरले आणि बैलगाड्या घेऊन आत गेले. त्या वेळी किनाऱ्यावर एखाददुसरी वखार होती. पिण्याचे पाणी काही मैलांवरच्या वाळूतील खड्ड्यांतून आणावे लागे आणि तेही मचूळ असे.

दार एकाचे, घर दुसऱ्याचे

१८७६ साली केपच्या सरकारने विल्यम पालग्रेव्ह या अधिकाऱ्यास अंतर्भागात पाठविले. पोर्तुगीज अंगोलाच्या सीमेपर्यंत संपूर्ण किनारा व त्यामागचा मुलूख आपल्या अंमलाखाली यावा, अशी केपची इच्छा होती. लंडनच्या सरकारला मात्र या ओसाड भूमीवर खर्च करण्याची हौस नव्हती. त्याने हिशेब केला की, बंदर हाती असले म्हणजे व्यापार हाती राहील. मग मुलूख सांभाळण्याची यातायात कशाला? म्हणून १२ मार्च १८७८ रोजी इंडस्ट्री या नौकेचा अधिकारी रिचर्ड डायर याने उपसागर आणि त्याच्या भोवतालचा सुमारे ४३४ चौरस मैलांचा, म्हणजे ११२४ चौरस किलोमीटरचा पट्टा ब्रिटिश साम्राज्यात सामील केल्याचे जाहीर केले. तेथे पिढ्यानपिढ्या राहणाऱ्या टोपनारांचे गुरांचे गोठे व नाराची राने त्या रेषेने कापली गेली.

हिशेब चुकला. १८८३ साली ब्रेमेनचा व्यापारी आडोल्फ ल्यूडेरिट्झ याने दक्षिणेकडील आंग्रा पेकेना हा छोटा उपसागर तेथील नामा प्रमुखाकडून विकत घेतला आणि १८८४ च्या एप्रिलमध्ये बिस्मार्कने त्यास जर्मन संरक्षण दिले. ऑगस्ट १८८४ मध्ये एकीकडे आंग्रा पेकेना येथे जर्मन निशाण चढले आणि दुसरीकडे वाल्विस बे रीतसर केप वसाहतीत विलीन झाला. थोड्याच काळात जर्मनांनी पाठीमागचा सारा प्रदेश घेतला. आता घर जर्मनांचे आणि दार इंग्रजांचे, अशी स्थिती झाली. पृष्ठप्रदेशावाचून बंदर ओस पडले आणि बंदरावाचून वसाहतीचा श्वास कोंडला.

जर्मनांनी १८९२ साली तीसेक किलोमीटर उत्तरेस स्वाकोपमुंड वसविले. तेथे नैसर्गिक आडोसा नव्हता. मोकळ्या समुद्राच्या लाटांतून माणसे व माल होड्यांनी उतरवावा लागे. त्यांनी मोठ्या खर्चाने दगडी धक्का बांधला. तो १९०३ साली पुरा झाला आणि थोड्याच वर्षांत वाळूने भरून निरुपयोगी ठरला. पुढे लाकडी आणि त्यानंतर लोखंडी जेट्टी उभारावी लागली. निसर्गाने जेथे बंदर दिले होते तेथे दुसऱ्याचे निशाण होते, आणि जेथे आपले निशाण होते तेथे निसर्ग बंदर होऊ देत नव्हता.

सीमेवरून तंटेही झाले. तुकड्याची दक्षिण सीमा नेमकी कोठून जाते, हा वाद १८९० च्या इंग्रज-जर्मन तहातही सुटला नाही. अखेर तो लवादाकडे गेला आणि १९११ साली स्पेनचे कायदेपंडित होआकिन फर्नांदेस प्रिदा यांनी इंग्रजांच्या बाजूने निकाल दिला. आफ्रिकेतील वाळूवरची रेघ कोठे असावी, हे माद्रिदच्या पंडिताने ठरविले. टोपनारांना या वादात पक्षकार म्हणूनही स्थान नव्हते.

या रेषेचा एकदा मात्र काही माणसांना आधार झाला. १९०४ ते १९०८ या काळात जर्मन सैन्याने हेरेरो व नामा लोकांचा भीषण संहार केला. त्यातून निसटलेल्या काही हेरेरोंनी वाल्विस बेच्या ब्रिटिश हद्दीत आश्रय घेतला, आणि तेथून ते दक्षिण आफ्रिकेच्या खाणींत मजूर म्हणून गेले. दार परक्याचे असले तरी पळणाऱ्याला ते उघडे मिळाले. मात्र त्यापलीकडे त्याची वाट पाहत होती ती खाणीतील मजुरी.

मासळीचे गाव

पहिल्या महायुद्धाने दृश्य पालटले. सप्टेंबर १९१४ मध्ये जर्मनांनी वाल्विस बे घेतला. २५ डिसेंबर १९१४ रोजी दक्षिण आफ्रिकेच्या फौजा तेथे उतरल्या. जुलै १९१५ मध्ये जर्मनांनी शरणागती पत्करली. १९२० साली राष्ट्रसंघाने नैर्ऋत्य आफ्रिका मँडेट म्हणून दक्षिण आफ्रिकेच्या स्वाधीन केली. घर व दार आता एकाच हाती आल्याने १९२२ पासून वाल्विस बेचा कारभारही सोयीसाठी विंडहुकमधून होऊ लागला. लोहमार्ग आला, समुद्र खोदून १९२७ साली नवा धक्का सुरू झाला आणि स्वाकोपमुंडचे महत्त्व मावळले. भूगोलाने जे सांगितले होते ते प्रशासनाने पंचेचाळीस वर्षांनी मान्य केले. पण कायद्याच्या पुस्तकात मात्र वाल्विस बे दक्षिण आफ्रिकेचाच राहिला.

दुसऱ्या महायुद्धानंतर येथे मासळी डबाबंद करण्याचे कारखाने निघाले. आपल्या तारलीच्या कुळातील पिलचार्ड हा मासा येथल्या समुद्रात अमाप होता. त्याची पकड १९६८ साली सुमारे चौदा लाख टनांवर गेली. नंतर ती कोसळली आणि पुन्हा पूर्वीच्या पातळीवर कधीच आली नाही. ग्वानोचा खडक जसा खरवडला गेला, तसाच समुद्रही खरवडला गेला.

कारखान्यांत राबणारे हात उत्तरेकडील ओवांबो प्रदेशातून कंत्राटावर आणलेल्या मजुरांचे होते. कुटुंब बरोबर आणण्याची त्यांना मुभा नव्हती. गावाचे तीन भाग होते. मध्यभाग गोऱ्यांचा, कुइसेबमोंड काळ्यांची वस्ती आणि नाराव्हिल मिश्रवर्णीयांची. ज्या नारा फळावर येथील मूळ लोक जगले, त्याचे नाव एका विभक्त वस्तीला मिळाले. डिसेंबर १९७१ मध्ये कंत्राटी मजुरांचा जो मोठा संप झाला, त्याच्या आघाडीच्या ठिकाणांत विंडहुकबरोबर वाल्विस बेही होते.

या गावात १९४६ च्या सुमारास उत्तरेतून सतरा वर्षांचा एक मुलगा आत्याकडे राहावयास आला. प्रथम त्याने एका दुकानात दरमहा दहा शिलिंगांवर नोकरी केली आणि नंतर देवमाशांच्या कारखान्यात काम केले. त्याचे नाव सॅम नुजोमा. पुढे तो स्वापो या स्वातंत्र्यवादी संघटनेचा नेता झाला. नुजोमा यांचे निधन ८ फेब्रुवारी २०२५ रोजी झाले.

परत मिळालेले दार

१९४६ साली दक्षिण आफ्रिकेने नैर्ऋत्य आफ्रिका गिळंकृत करण्याची परवानगी संयुक्त राष्ट्रसंघाकडे मागितली, तेव्हा तिला ठाम विरोध करणाऱ्यांत भारत अग्रभागी होता. १९६६ साली आमसभेने मँडेट रद्द केले आणि १९७१ साली आंतरराष्ट्रीय न्यायालयाने दक्षिण आफ्रिकेचा तेथील ताबा बेकायदा असल्याचे मत दिले. आज ना उद्या हा देश सोडावा लागणार, हे प्रिटोरियाच्या लक्षात आले. तेव्हा तिने जुना कागद बाहेर काढला. १ सप्टेंबर १९७७ पासून वाल्विस बेचा कारभार पुन्हा केप प्रांताकडे घेण्यात आला. देश गेला तरी दार हाती राहावे, हा हेतू स्पष्ट होता. लंडनने १८७८ साली केलेला हिशेब शंभर वर्षांनी पुन्हा मांडला गेला.

येथे न्यायबुद्धीने हेही सांगितले पाहिजे की, कागदापुरता दक्षिण आफ्रिकेचा दावा अगदीच लटका नव्हता. वाल्विस बे कधीच जर्मन वसाहतीचा भाग नव्हता आणि म्हणून मँडेटचाही नव्हता. स्वतंत्र आफ्रिकी राष्ट्रांनीच १९६४ साली कैरो येथे वसाहतकाळातील सीमा जशाच्या तशा मानण्याचा ठराव केला होता. त्या ठरावाचे अक्षर धरले तर ही रेषाही मानावी लागली असती. नामिबियाचा युक्तिवाद वेगळ्या पायावर उभा होता. पंचावन्न वर्षे हा भाग एकाच प्रशासनाखाली होता, येथील माणसे तीच होती, देशाला दुसरे मोठे बंदर नव्हते. १९७६ साली सुरू झालेल्या रॉसिंगच्या युरेनियम खाणीचा मालही येथूनच बाहेर जात होता. २७ जुलै १९७८ रोजी सुरक्षा परिषदेने ४३२ क्रमांकाच्या ठरावाने वाल्विस बे नामिबियात पुन्हा समाविष्ट झाला पाहिजे, असे जाहीर केले. पण स्वातंत्र्याची जी योजना पुढे अमलात आली तीत हा प्रश्न बाजूला ठेवला गेला.

ती योजना राबविण्यासाठी १९८९ साली संयुक्त राष्ट्रसंघाची फौज नामिबियात गेली. तिचे नेतृत्व भारताचे लेफ्टनंट जनरल दिवाण प्रेमचंद यांच्याकडे होते. २१ मार्च १९९० रोजी नामिबिया स्वतंत्र झाला आणि नुजोमा पहिले राष्ट्राध्यक्ष झाले. राज्यघटनेच्या पहिल्याच कलमात, राष्ट्राच्या भूमीत वाल्विस बेचे बंदर व किनाऱ्याजवळची बेटे समाविष्ट आहेत, असे लिहिले होते. प्रत्यक्षात मात्र स्वाकोपमुंडहून त्या बंदराकडे जाताना परक्या देशाची सीमाचौकी ओलांडावी लागे.

येथून पुढे जे घडले ते शस्त्राने घडले नाही. वाटाघाटी होऊन १ नोव्हेंबर १९९२ पासून दोन्ही देशांचा संयुक्त कारभार सुरू झाला. दरम्यान खुद्द दक्षिण आफ्रिकेत वर्णद्वेषी राजवटीचा अंत जवळ आला होता. १९९३ साली नव्या राज्यव्यवस्थेसाठी जमलेल्या सर्वपक्षीय परिषदेने वाल्विस बे परत करण्याच्या बाजूने कौल दिला. २८ फेब्रुवारी १९९४ च्या मध्यरात्री उपसागर आणि त्याबरोबर बारा बेटे नामिबियाच्या स्वाधीन झाली. देवमाशांच्या कारखान्यात काम केलेला मुलगा तेव्हा त्या देशाचा राष्ट्राध्यक्ष होता.

त्यानंतर

दार आपले झाल्यावर त्याचा उपयोग शेजाऱ्यांनाही झाला. १९९८ साली कालाहारी ओलांडणारा महामार्ग पुरा झाला, आणि बोट्स्वाना, झांबिया, झिंबाब्वे या समुद्र नसलेल्या देशांचा माल वाल्विस बेला येऊ लागला. ऑगस्ट २०१९ मध्ये समुद्रात भराव घालून तयार केलेल्या चाळीस हेक्टर जागेवर नवा कंटेनर धक्का सुरू झाला.

उपसागराच्या दक्षिण टोकाचे खाजण १९९५ पासून रामसर करारान्वये आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा म्हणून नोंदलेले आहे. तेथे रोहित पक्ष्यांचे, म्हणजे फ्लेमिंगोंचे, हजारोंचे थवे उतरतात, आणि दूर उत्तर गोलार्धातून आलेले चिखले पक्षी हिवाळा काढतात. शेजारीच विस्तीर्ण मिठागरे आहेत. बंदर वाढावे आणि खाजणही राहावे, हे दोन्ही कसे साधावे, हा तेथील लोकांपुढचा खरा प्रश्न आहे. कुइसेबच्या पात्राखालचे गोडे पाणी गावालाही हवे आणि नदीकाठच्या टोपनारांच्या शेळ्यांना व नाराच्या मुळांनाही. आता हा वाटा ठरविणारे सरकार त्यांच्याच देशाचे आहे, एवढा फरक निश्चित पडला आहे. तो वाटा न्याय्य झाला तरच १९९४ ची ती मध्यरात्र टोपनारांच्याही हिशेबी जमा धरता येईल.

चित्त्यांच्या निमित्ताने उघडलेला तो नकाशासंग्रह आज पुन्हा कपाटात गेला आहे. त्यातील जवळजवळ प्रत्येक पान आता चुकीचे झाले आहे. मध्यंतरी एका सभासदाने सहज विचारले, असली कालबाह्य पुस्तके शंभर वर्षे सांभाळायची कशासाठी? त्यांना तो तांबडा तुकडा दाखविला. आजच्या नकाशात तो नाही, म्हणून आजचा नकाशा पाहणाऱ्याला तेथे कधी काही बिनसले होते याची शंकाही येणार नाही. माणसांनी वाळूवर ओढलेली रेघ किती काळ टिकते आणि ती पुसण्यास किती पिढ्या लागतात, हे केवळ जुने पानच सांगू शकते. ते पान कोणी मागितले तर त्याच्या हाती देता यावे, यासाठी ते जपलेले आहे.